खोटे, दुर्गा

खोटे, दुर्गा : (१४ जानेवारी १९०५–२२ सप्टेंबर १९९१). मराठी रंगभूमीवरील आणि मराठी व हिंदी चित्रपटसृष्टीतील श्रेष्ठ अभिनेत्री व चित्रपटनिर्मात्या. मराठीतील पहिला बोलपट ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) यात त्यांनी तारामतीची भूमिका केली आणि तेथून जवळजवळ अर्धशतकापर्यंत त्या चित्रपटांत वावरल्या. मुंबईतील प्रतिष्ठित व सुशिक्षित घराण्यातील स्त्रीने अभिनय हा उघडपणे उपजीविकेचा व्यवसाय म्हणून पत्करणे, ही गोष्ट त्या काळी जवळजवळ अशक्यप्राय मानली जाई. ती दुर्गाबाईंनी केली आणि निभावून दाखविली. त्यांच्या कलाजीवनाचे महत्त्व त्यांच्या अभिनयगुणांत जितके आहे, तितकेच या सामाजिक परिवर्तनातही आहे.

पार्श्वभूमी : दुर्गाबाईंच्या पदार्पणाचे मोल कळण्यासाठी तत्पूर्वीची स्थिती ध्यानात घ्यावी लागते. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) हा मूकपट काढला, तेव्हा तारामतीच्या भूमिकेसाठी त्यांना स्त्री मिळाली नाही. कलावंतिणींच्या वस्तीत जाऊन केलेले प्रयत्नही व्यर्थ ठरले आणि अखेर अण्णा साळुंके या तरुणाला लुगडे नेसवून तारामती उभी करावी लागली. त्याच वर्षी फाळके यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’ या चित्रपटात दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई (पुढे गोखले) यांनी भूमिका केल्या. तथापि तो अपवाद ठरला. मूकपटाच्या उत्तरकाळात स्त्रिया पडद्यावर आल्या, परंतु त्यांतील बहुतेक अँग्लो-इंडियन व ज्यू समाजांतील किंवा कलावंत घराण्यांतील होत्या. मराठी रंगभूमीवर तर बालगंधर्वांसारख्या नटांनी स्त्रीभूमिका इतक्या उंचीवर नेऊन ठेवली होती, की स्त्रीने ती करण्याची गरज फारशा कुणाला वाटत नव्हती. कुलीन स्त्रियांचा मराठी रंगमंचावर लक्षणीय प्रवेश झाला तो ‘नाट्यमन्वंतर’च्या ‘आंधळ्यांची शाळा’ (१९३३) या नाटकातून. त्यात ज्योत्स्ना भोळे व पद्माबाई वर्तक यांनी भूमिका केल्या. दुर्गाबाईंचा चित्रपटप्रवेश याच्याही आधीचा आहे. ज्या तारामतीसाठी १९१३ मध्ये स्त्री मिळत नव्हती, तीच तारामती १९ वर्षांनी मुंबईच्या एका सॉलिसिटरच्या कन्येने उभी केली.

जन्म, शिक्षण व विवाह : दुर्गाबाईंचे माहेरचे आडनाव लाड. घराणे मूळचे गोव्याकडील. वडील पांडुरंग शामराव लाड हे मुंबईतील सॉलिसिटर. आईचे नाव मंजुळाबाई. गिरगावातील कांदेवाडीच्या मोठ्या एकत्र कुटुंबात त्यांचे बालपण गेले. शालेय शिक्षण कॅथीड्रल हायस्कूलमध्ये आणि महाविद्यालयीन शिक्षण सेंट झेविअर महाविद्यालयात झाले. या शिक्षणामुळे इंग्रजीवर त्यांचे चांगले प्रभुत्व होते. मुंबईतील सधन खोटे घराण्यातील विश्वनाथ खोटे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. बकुल व हरीन हे त्यांचे दोन पुत्र. पुढे खोटे कुटुंबाला व्यवहारात मोठे नुकसान सोसावे लागले आणि वैभवात वाढलेल्या दुर्गाबाईंना अर्थार्जनाचा मार्ग शोधणे भाग पडले. त्यांना वैधव्यही तरुण वयातच आले. हौस वा कीर्तीची अभिलाषा यांपेक्षा संसाराची निकड त्यांच्या चित्रपटप्रवेशास कारण झाली, हे त्यांनी स्वतःच आत्मचरित्रात मोकळेपणाने नमूद केले आहे.

पदार्पण : मोहन भवनानी यांच्या ‘फरेबी जाल’ (१९३१) या चित्रपटात त्यांनी प्रथम एक छोटी भूमिका केली. हा अनुभव अत्यंत कटू ठरला. चित्रपट सामान्य दर्जाचा होता. त्याहीपेक्षा एका प्रतिष्ठित घराण्याची सून त्यात दिसली याचाच बोभाटा अधिक झाला. माहेर व सासर या दोन्ही घरांना लोकनिंदा सोसावी लागली. या प्रसंगानंतर त्यांनी चित्रपटाचे नाव टाकले असते, तर ते स्वाभाविकच ठरले असते. तथापि याच चित्रपटातील त्यांचे दर्शन व्ही. शांताराम यांच्या नजरेत भरले आणि ‘प्रभात फिल्म कंपनी’च्या पहिल्या बोलपटासाठी त्यांना पाचारण करण्यात आले.

‘प्रभात’ ही १९२९ साली कोल्हापुरात स्थापन झालेली संस्था. ‘आलम आरा’ (१९३१) या पहिल्या भारतीय बोलपटानंतर तिने ‘अयोध्येचा राजा’ मराठी व हिंदी अशा दोन भाषांत काढला. गोविंदराव टेंबे यांनी हरिश्चंद्राची भूमिका केली आणि संगीतही दिले. दोन भाषांतील बोलपट म्हणजे जवळजवळ प्रत्येक प्रसंग दोनदा वठविणे. पार्श्वगायनाची सोय तेव्हा नव्हती; नटनटींना गाणी स्वतःच, चित्रीकरणाच्या वेळीच म्हणावी लागत. गायनाची मोठी तयारी नसताना दुर्गाबाईंनी टेंबे यांच्या मार्गदर्शनाखाली ही जबाबदारी पार पाडली. राजवैभवातून दास्यात पडलेली, पुत्रवियोगाने पोळलेली, परंतु मान न झुकविणारी तारामती प्रेक्षकांच्या मनात ठसली. पौराणिक विषय आणि पतिव्रतेची आदर्श भूमिका यांमुळे कालपर्यंत निंदा करणाऱ्यांनाही बोट ठेवायला जागा उरली नाही. एकाच वर्षात लोकापवादाचे रूपांतर लोकादरात झाले.

‘प्रभात’मधील इतर भूमिका : त्याच वर्षीच्या ‘माया मच्छिंद्र’ मध्ये त्यांनी स्त्रीराज्याची राणी किलोतला रंगविली. गोविंदराव टेंबे मच्छिंद्रनाथ, तर मास्टर विनायक गोरखनाथ झाले होते. पाळीव चित्ता सोबत घेऊन वावरणारी, पुरुषांवर हुकमत गाजविणारी ही राणी तारामतीच्या अगदी उलट प्रकृतीची होती. सोशिक सतीच्या साच्यात त्या अडकून पडणार नाहीत, हे या भूमिकेने दुसऱ्याच पावलाला स्पष्ट केले.

‘प्रभात’मधील त्यांची सर्वांत महत्त्वाची भूमिका ‘अमर ज्योति’ (१९३६) या हिंदी चित्रपटातील सौदामिनीची होय. तोवर कंपनी पुण्यास आली होती. पतीपासून विभक्त झालेल्या सौदामिनीला तिच्या मुलाचा ताबा राज्याचा कायदा नाकारतो. पत्नी ही पतीची दासी, असा न्याय तिला ऐकविला जातो. तेव्हा ती समुद्रावर जाऊन चाच्यांची नायिका बनते आणि त्या राजसत्तेवर सूड उगविते. चंद्रमोहन यांनी दुर्जय या क्रूर मंत्र्याची, तर शांता आपटे यांनी राजकन्या नंदिनीची भूमिका केली. कथानक अद्भुतरम्य असले, तरी त्याच्या मुळाशी स्त्रीच्या कायदेशीर परवशतेचा प्रश्न आहे. सौदामिनीचा त्वेष, तिचे पुरुषसत्तेला दिलेले आव्हान आणि त्यामागे दडलेले मातेचे दुःख या तिन्ही छटा दुर्गाबाईंनी समर्थपणे व्यक्त केल्या. व्हेनिसच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात हा चित्रपट दाखविण्यात आला होता.

व्यावसायिक स्वातंत्र्य : तीसच्या दशकात चित्रपटव्यवसाय मुख्यतः कंपन्यांच्या हाती होता. नट, लेखक, तंत्रज्ञ हे सर्व मासिक पगारावर एकाच कंपनीला बांधलेले असत. दुर्गाबाईंनी हे बंधन फार काळ स्वीकारले नाही. त्या कलकत्त्यास गेल्या आणि ‘न्यू थिएटर्स’च्या ‘राजरानी मीरा’ (१९३३) या चित्रपटात देवकी बोस यांच्या दिग्दर्शनाखाली त्यांनी मीरेची भूमिका केली. ‘ईस्ट इंडिया फिल्म कंपनी’च्या ‘सीता’ (१९३४) मध्ये त्या सीता व पृथ्वीराज कपूर राम होते. व्हेनिसच्या महोत्सवात दाखविला गेलेला हा पहिला भारतीय बोलपट मानला जातो. ‘इन्किलाब’ व ‘जीवन नाटक’ (दोन्ही १९३५) हेही देवकी बोस यांचेच चित्रपट. एका संस्थेचे काम संपवून दुसऱ्या संस्थेत जाणे, अटी स्वतः ठरविणे आणि भूमिका पारखून घेणे ही पद्धत पुढे चित्रपटव्यवसायात रूढ झाली. तिचा अवलंब प्रथम करणाऱ्या मोजक्या कलावंतांत दुर्गाबाईंची गणना होते.

त्याच दशकाच्या अखेरीस पार्श्वनाथ आळतेकर यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘सवंगडी’ (हिंदी ‘साथी’) या चित्रपटाच्या निर्मितीत त्यांनी भाग घेतला. चित्रपटनिर्मितीच्या क्षेत्रात उतरलेल्या आरंभीच्या भारतीय स्त्रियांपैकी त्या एक होत.

चरित्रभूमिका : नायिकेचे वय सरले की नटीचे कलाजीवनही संपते, अशी चित्रपटसृष्टीची रीत होती. दुर्गाबाईंनी मात्र नायिकापद हातून जाण्याची वाट पाहिली नाही. आचार्य अत्रे यांच्या ‘पायाची दासी’ (१९४१, हिंदी ‘चरणों की दासी’) मध्ये त्यांनी वनमाला यांच्या सुनेला छळणाऱ्या सासूची भूमिका घेतली, त्या वेळी त्यांचे वय अवघे ३६ होते. पुढच्याच वर्षी विजय भट्ट यांच्या ‘भरत मिलाप’ मध्ये त्या कैकेयी झाल्या. ज्या नटीला प्रेक्षकांनी तारामती व सीता म्हणून डोक्यावर घेतले, तिनेच दुष्ट सासू व कैकेयी रंगवाव्यात, हे धाडस होते. या दोन्ही भूमिकांसाठी बंगाल फिल्म जर्नलिस्ट्स असोसिएशनचे उत्कृष्ट अभिनेत्रीचे पारितोषिक त्यांना लाभले. त्यांची कैकेयी निव्वळ खलनायिका नव्हती. पुत्रमोहाने आंधळी झालेली आणि त्याच पुत्राने झिडकारल्यावर खचून गेलेली माता त्यांनी तिच्यात पाहिली.

सोहराब मोदी यांच्या ‘पृथ्वी वल्लभ’ (१९४३) या कन्हैयालाल मुनशी यांच्या कादंबरीवरील चित्रपटात त्यांनी तैलप राजाची बहीण मृणालवती साकार केली. वैराग्य व कठोर शिस्त यांचा अभिमान बाळगणारी ही राजस्त्री बंदिवान मुंजाच्या प्रेमात पडते. मोदी यांच्यासारख्या वाणीच्या बादशहासमोर तोलामोलाने उभे राहण्याचे सामर्थ्य दुर्गाबाईंच्या शब्दोच्चारात होते, याचा प्रत्यय या चित्रपटातील संवादांतून येतो.

स्वातंत्र्योत्तर काळात त्या प्रामुख्याने माता, सासू, आजी अशा भूमिकांत दिसू लागल्या. ‘मिर्झा गालिब’ (१९५४), बिमल रॉय यांचा ‘परख’ (१९६०), हृषीकेश मुखर्जी यांचे ‘अनुपमा’ (१९६६), ‘बावर्ची’ (१९७२) व ‘अभिमान’ (१९७३), राज कपूर यांचा ‘बॉबी’ (१९७३) हे त्यांपैकी काही चित्रपट होत. के. आसिफ यांच्या ‘मुघल-ए-आझम’ (१९६०) मधील जोधाबाई ही त्यांची सर्वांत परिचित भूमिका. सम्राट पती व बंडखोर पुत्र यांच्या संघर्षात होरपळणाऱ्या या राणीच्या वाट्याला संवाद तुलनेने थोडे आहेत. पण शब्दांहून तिचे मौन अधिक बोलके आहे. २६ वर्षांपूर्वी ‘सीता’ मध्ये त्यांच्यासमोर राम म्हणून उभे राहिलेले पृथ्वीराज कपूर येथे अकबर होते. जेम्स आयव्हरी दिग्दर्शित ‘द हाउसहोल्डर’ (१९६३) या इंग्रजी-हिंदी चित्रपटात त्यांनी नायकाच्या आईची भूमिका विनोदाच्या अंगाने रंगविली. एल्. व्ही. प्रसाद यांच्या ‘बिदाई’ (१९७४) मधील भूमिकेसाठी त्यांना फिल्मफेअरचे उत्कृष्ट साहाय्यक अभिनेत्रीचे पारितोषिक मिळाले. ‘कर्ज’ (१९८०) हा त्यांच्या अखेरच्या चित्रपटांपैकी एक.

या काळातील सर्वच भूमिका त्यांच्या योग्यतेच्या होत्या, असे म्हणता येत नाही. हिंदी चित्रपटातील आई ही व्यक्तिरेखा बहुधा ठराविक साच्याची असे आणि सौदामिनीसारखी स्वतंत्र बुद्धीची स्त्री पुढील काळात त्यांच्या वाट्याला क्वचितच आली. ही उणीव नटीची नसून त्या काळच्या कथालेखनाची होती. मात्र साचेबंद भूमिकेतही भडकपणा टाळून तिला घरंदाज भारदस्तपणा देण्याचे पथ्य त्यांनी सोडले नाही.

रंगभूमी : चित्रपटात नाव मिळविल्यानंतर दुर्गाबाई रंगभूमीकडे वळल्या, हा नेहमीच्या क्रमाच्या उलट प्रवास होता. इंडियन पीपल्स थिएटर असोसिएशन (इप्टा) या संस्थेशी त्यांचा संबंध आला. परंतु त्यांचे मुख्य नाट्यकार्य घडले ते ‘मुंबई मराठी साहित्य संघा’च्या नाट्यशाखेत. डॉ. अ. ना. भालेराव यांच्या प्रेरणेने संघाने मरगळलेल्या मराठी रंगभूमीला चालना देण्याचा उपक्रम हाती घेतला होता. त्यात जुन्या अभिजात नाटकांचे पुनरुज्जीवन आणि नव्या नाटकांचे प्रयोग या दोन्हींचा समावेश होता. अशा प्रयोगांतून आर्थिक लाभ फारसा नसे. चित्रपटातील मिळकतीची वेळ खर्चून दुर्गाबाईंनी या प्रयोगांच्या तालमी केल्या.

कृ. प्र. खाडिलकर यांच्या ‘भाऊबंदकी’ या नाटकातील आनंदीबाई ही त्यांची गाजलेली रंगभूमीवरील भूमिका. नारायणराव पेशव्यांच्या वधामागील महत्त्वाकांक्षी स्त्री म्हणून खाडिलकरांनी आनंदीबाई रंगविली असून तिच्यावर शेक्सपिअरच्या लेडी मॅक्बेथची छाया आहे. १९५४ साली दिल्लीस भरलेल्या पहिल्या राष्ट्रीय नाट्यमहोत्सवात संघाने हे नाटक सादर केले. त्याच वर्षी वि. वा. शिरवाडकर यांनी ‘मॅक्बेथ’चे ‘राजमुकुट’ हे रूपांतर केले. इंग्रज दिग्दर्शक हर्बर्ट मार्शल यांनी ते बसविले आणि नानासाहेब फाटक व दुर्गाबाई यांनी प्रमुख भूमिका केल्या. अशा प्रकारे एकाच सुमारास मूळ लेडी मॅक्बेथ आणि तिचे मराठी प्रतिबिंब अशा दोन्ही स्त्रिया त्यांनी उभ्या केल्या. फाटक यांची अभिनयशैली जुन्या गद्य रंगभूमीच्या भव्य परंपरेतील, तर दुर्गाबाईंची चित्रपटाच्या सवयीने संयत झालेली. या दोन शैलींचा मेळ हा त्या प्रयोगांचा विशेष होता. ‘कीचकवध’, ‘वैजयंती’, ‘कौंतेय’ इ. नाटकांतूनही त्यांनी कामे केली. १९५८ साली संगीत नाटक अकादमीने त्यांना पुरस्कार दिला. १९६१ साली दिल्ली येथे भरलेल्या मराठी नाट्यसंमेलनाच्या त्या अध्यक्षा होत्या.

लघुपट व दूरदर्शन : अभिनयाबरोबरच त्यांनी ‘फॅक्ट फिल्म्स’ व पुढे ‘दुर्गा खोटे प्रॉडक्शन्स’ या संस्थांद्वारे अनुबोधपट, लघुपट व जाहिरातपट यांची निर्मिती केली. नटीची मिळकत अनिश्चित असते. व्यवसायाचा दुसरा पाया हवा, ही व्यवहारदृष्टी त्यामागे होती. याच संस्थेने दूरदर्शनसाठी ‘वागळे की दुनिया’ (१९८८) ही मालिका काढली. व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेवर आधारलेल्या आणि कुंदन शाह यांनी दिग्दर्शित केलेल्या या मालिकेतील मध्यमवर्गीय कारकून कुटुंब प्रेक्षकांना आपलेसे वाटले. मूकपटाच्या अखेरच्या दिवसांत सुरू झालेले दुर्गाबाईंचे कार्य अशा रीतीने दूरदर्शनच्या युगापर्यंत पोहोचले.

अभिनयविशेष : भारदस्त व्यक्तिमत्त्व, ताठ चाल, बोलके डोळे आणि स्वच्छ, ठाम शब्दोच्चार हे त्यांचे नैसर्गिक गुण. त्यांनी नाट्यशिक्षण असे घेतले नव्हते. बोलपटाच्या आरंभकाळी नटांवर संगीत नाटकाच्या व पारशी रंगभूमीच्या अभिनयाचा पगडा होता. हातवारे व आवाज यांचा अतिरेक होई. रंगभूमीचा पूर्वसंस्कार नसल्यामुळे दुर्गाबाई या दोषापासून बऱ्याच अंशी मुक्त राहिल्या. भावनेचा उद्रेक दाखविण्याऐवजी ती आवरण्याचा प्रयत्न दाखविणे, हे त्यांच्या अभिनयाचे मर्म होते. तारामती, सौदामिनी, कैकेयी, आनंदीबाई व जोधाबाई या भूमिका परस्परांहून भिन्न असल्या, तरी सत्तेच्या सान्निध्यात वावरणारी आणि त्या सत्तेची किंमत स्वतःच्या मातृत्वाने वा संसाराने मोजणारी स्त्री हे त्यांतील समान सूत्र आहे.

आत्मचरित्र व सन्मान : ‘मी, दुर्गा खोटे’ (१९८२) हे त्यांचे आत्मचरित्र मराठी चरित्रवाङ्‌मयात उल्लेखनीय मानले जाते. लाड कुटुंबातील बालपण, सासरच्या वैभवाची उतरती कळा, पहिल्या चित्रपटानंतरची मानहानी आणि व्यवसायातील चढउतार यांचे त्यात संयमित पण प्रांजळ चित्रण आहे. शांता गोखले यांनी केलेले त्याचे इंग्रजी भाषांतरही प्रसिद्ध झाले आहे. भारत सरकारने १९६८ मध्ये ‘पद्मश्री’ देऊन त्यांचा गौरव केला. १९८३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. देविकाराणी, सुलोचना (रूबी मायर्स) व काननदेवी यांच्यानंतर हा पुरस्कार मिळविणाऱ्या त्या चौथ्या स्त्री होत. स्त्रीभूमिकेसाठी स्त्री शोधून थकलेल्या फाळके यांच्याच नावाचा पुरस्कार त्यांना मिळावा, यात इतिहासाची एक संगती आहे. उत्तरायुष्यात त्यांचे वास्तव्य अलिबाग येथे असे. भारतीय चित्रपटाच्या शताब्दीनिमित्त २०१३ साली डाक विभागाने काढलेल्या टपाल तिकिटांच्या मालिकेत त्यांच्या चित्राचे तिकीट आहे.

प्रभाव : दुर्गाबाईंच्या घरातच अभिनयाची परंपरा पुढे चालू राहिली. चित्रपट-अभिनेत्री शुभा खोटे व अभिनेते विजू खोटे ही त्यांचे दीर, नट नंदू खोटे यांची मुले. रंगभूमीवरील ख्यातनाम दिग्दर्शिका व अभिनेत्री विजया मेहता या हरीन खोटे यांच्या पत्नी म्हणून त्यांच्या सून होत्या. हरीन यांचे अकाली निधन झाले.

घराबाहेर या प्रभावाचा विस्तार मोठा आहे. चाळीसच्या दशकापासून मध्यमवर्गीय मराठी घरांतील मुली रंगभूमीवर व पडद्यावर येऊ लागल्या. उत्तर कोकणातील वसई येथे (त्या वेळी ठाणे जिल्हा, २०१४ पासून पालघर जिल्हा) जन्मलेल्या उषाकिरण (१९२९–२०००) हे त्याचे एक उदाहरण. मो. ग. रांगणेकर यांच्या ‘आशीर्वाद’ या नाटकातून त्यांनी आरंभ केला. पुढे ‘पतिता’ (१९५३) मध्ये अत्याचारित मुलीची प्रमुख भूमिका केली आणि ‘बादबान’ (१९५४) साठी फिल्मफेअरचे साहाय्यक अभिनेत्रीचे पारितोषिक मिळविले. उत्तरायुष्यात त्या मुंबईच्या नगरपाल (शेरीफ) झाल्या. ‘बावर्ची’ मध्ये दुर्गाबाई व उषाकिरण एकाच एकत्र कुटुंबातील दोन सुना म्हणून दिसतात. पहिलीने ज्या व्यवसायात पाऊल टाकताच दोन्ही घरांना निंदा ऐकावी लागली, त्याच व्यवसायातून आलेल्या दुसरीला महानगराचे मानाचे पद मिळाले. या दोन टोकांमधील अंतर अनेक कलावंत स्त्रियांच्या परिश्रमांनी कापले गेले. परंतु त्या वाटेवरील पहिले आणि सर्वांत कठीण पाऊल दुर्गाबाईंचे होते.